नोंद आढळली नाही

२००९ साली मी चार महिने एका ठेकेदाराकडे जुनी सरकारी दप्तरं कॉम्प्युटरवर टंकायचं काम केलं. एमएस-सीआयटी झालेली, मराठी टायपिंगची परीक्षा पास, आणि हाताला दुसरं काम नाही. दर नोंदीमागे पैशांत ठरलेला होता, म्हणजे जितका वेग तितका पगार. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही सहा जण बसायचो. समोर जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरच्या झेरॉक्स. गाव नमुना नंबर १४, ज्याला आपल्याकडे अजूनही कोतवाल बुक म्हणतात. त्या कामाबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही. आता लिहितो, कारण त्या खोलीत झालेल्या टंकलेखनामुळे आपल्याच एका मुलीचं एक वर्ष गेलं.

आधी खोलीत काय चालायचं ते सांगतो. ठेकेदाराने एक तक्ता दिला होता : नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात, तारीख, गाव. कुठलाही रकाना रिकामा ठेवला तर प्रोग्राम पुढे जाऊ द्यायचा नाही. आता १९४० च्या आसपासच्या आपल्या माणसांना रजिस्टरमध्ये आडनाव कुठलं? ‘गणप्या वलद रामा’ एवढंच. मग ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "आडनाव नसंल तर ‘नाही’ टाका." आम्ही टाकलं. त्या दप्तरात आजही आपल्या शेकडो पूर्वजांचं आडनाव ‘नाही’ आहे. गणप्या रामा नाही. सखू बाळू नाही.

जातीच्या रकान्याची आणखी वेगळी गंमत. जुना कारकून पानावर पहिल्या ओळीत ‘महार’ लिहायचा आणि त्याखाली पाच-सहा ओळी नुसत्या दोन रेघा ओढायचा, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. डोळ्यांनी वाचणाऱ्याला त्यात काही अडचण नाही. पण टंकताना त्या रेघांचं करायचं काय? पुन्हा तोच माणूस : "तिथं ‘सदर’ टाका." आम्ही सहाही जण ‘सदर’ टाकत सुटलो. मी बौद्ध वस्तीत वाढलेला, बाबासाहेबांचं नाव घेऊन हिंडणारा पोरगा. त्या दोन रेघांचा अर्थ मला कळत होता. वर पाहून ‘महार’ टंकायला दोन सेकंद जास्त लागले असते. मी ती दिली नाहीत.

आता त्या मुलीचं. आमच्याच वस्तीतली, बारावीला चांगले मार्क, इंजिनिअरिंगला नंबर लागलेला. जात पडताळणीचं प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत द्यायचं होतं. ज्यांच्या घरात आधी कुणाला व्हॅलिडिटी मिळालेली आहे, त्यांना हे तितकंसं कळणार नाही. रक्ताच्या नात्यातलं एक प्रमाणपत्र हाताशी असलं की वाट बरीच सोपी होते. पण घरातली पहिलीच शिकणारी पोर असेल, तर अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा शोधायला सांगतात. म्हणजे ज्या काळात आपल्या माणसाला शाळेच्या उंबऱ्याच्या आत घ्यायला नकार मिळायचा, त्या काळातला कागद. आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर, असं २००१ च्या महाराष्ट्र कायदा क्रमांक २३ चं कलम ८ स्पष्ट सांगतं.

आजोबा शाळेत उशिरा गेलेले, १९५० नंतर. राहिला तो त्यांच्या जन्माचा दाखला. कचेरीतल्या खिडकीवर मी तिच्याबरोबर गेलो होतो. आतल्या भाऊसाहेबांनी कॉम्प्युटरवर आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव आणि आडनाव टाकलं. पणजोबांचं नाव मी इथे बदलून लिहितो, समजा धोंडीराम. पडद्यावर आलं : नोंद आढळली नाही.

"नाव नीट सांगा. रजिस्टरला जसं आहे तसं."

पोरगी म्हणाली, "सर, रजिस्टर बघितल्याशिवाय ते मला कसं कळणार?"

भाऊसाहेब माणूस वाईट नव्हता. त्याने वेलांटी बदलून पाहिली, आडनाव दोन-तीन तऱ्हेनं लिहून पाहिलं. मग मागे रांग वाढली आणि त्याने ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत दिला. मित्रांनो, हा शेरा नीट वाचा. यंत्राने फक्त एवढंच सांगितलं होतं, की तुम्ही टाकलेल्या अक्षरांशी हुबेहूब जुळणारी अक्षरं माझ्याकडे नाहीत. शिक्का बसल्यावर त्याचा अर्थ झाला, की तुमचा पणजोबा आमच्या दप्तरी नाही.

त्या रात्री आम्ही तिच्या आजीला विचारायला बसलो. आजी म्हणजे धोंडीरामांची सून. सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं म्हणून आधी बोलेचना. शेवटी पदर सावरून म्हणाली, "धोंडीराम तुमी म्हनता. मामंजींस्नी गावात समदी धोंड्याच म्हनायची. पाटील तर धोंड्या बी न्हाय, नुसतं ‘ए’ म्हनायचा."

मग डोक्यात उजेड पडला. आम्ही शोधत होतो त्या नावाने, जे घरच्यांनी पुढे मानाने लावलं. रजिस्टर ज्याच्या हातात होतं, त्याने लिहिलं होतं तो हाक मारायचा त्या नावाने. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धन दाखवणारं आणि शूद्राचं निंदा दाखवणारं असावं, असं सांगितलं आहे. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जळालं. तलाठ्याच्या दप्तरात ते पुढेही चालू राहिलं. एकाच पानावर एकाला ‘राव’ आणि ‘पंत’, आणि त्याखालच्या ओळीत गणप्या, कचऱ्या, धोंड्या. (धोंडू, कचरू, दगडू ही नावं मूल जगावं म्हणून आईबापच ठेवायचे, आणि तीही सगळ्या जातींत, हे खरं. पण ‘धोंडू’चा ‘धोंड्या’ कारकुनाच्या टाकातून व्हायचा, आणि तो कुणाचा व्हायचा हे पान उघडून बघा.)

दुसरी गोष्ट आम्हाला तेव्हा सुचली, ती आधीच सुचायला हवी होती. मी तर ते दप्तर टंकलेलं! जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसायचंच मुळी. बारसं व्हायच्या आधीच कोतवाल वर्दी द्यायचा : अमक्याला मुलगा झाला. म्हणजे आजोबांचं नाव टाकून शोधणं हा वेडेपणाच होता. आडनावही पुढे शाळेत लागलेलं. आपण तीन गोष्टी टाकून शोधत होतो आणि त्यातल्या दोन दप्तरात कधी नव्हत्याच. तिसरी होती ती वेगळ्या रूपात.

आठवड्याने पुन्हा गेलो. या वेळी मी भाऊसाहेबांना विनंती केली, की नाव फक्त ‘धों’ एवढंच टाका, गाव टाका, वर्षं १९४१ ते १९४५ घ्या, बाकी सगळं मोकळं सोडा. मोकळं सोडता येईना. तो आडनावाचा रकाना आडवा आला. मी म्हटलं, "‘नाही’ टाका." त्याने माझ्याकडे बघितलं. टाकलं.

एकोणीस नोंदी आल्या. अकरावी होती : धोंड्या राघू नाही. जात : सदर.

मूळ रजिस्टर काढून पाहिलं तर त्या ओळीला दोन रेघा, आणि तीन ओळी वर स्वच्छ अक्षरात ‘महार’. ते गाव आमच्या खोलीत टंकलं गेलं होतं, एवढं मला नक्की आठवतं. ती नोंद माझ्या हातची की शेजारच्या पोराच्या, हे आता सांगता येणार नाही. पुढे धोंड्या म्हणजेच धोंडीराम हे पटवायला शपथपत्र, वंशावळ, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गृहचौकशी, सगळं झालं. व्हॅलिडिटी मिळाली. पण तोवर मुदत संपली होती, तिचा प्रवेश खुल्या प्रवर्गात धरला गेला आणि त्या फीचा आकडा ऐकून तिच्या वडिलांनी फॉर्म घडी करून खिशात घातला. पुढच्या वर्षी तिने पुन्हा प्रवेश घेतला.

या प्रकरणानंतर मी शोधाच्या तंत्राच्या मागे लागलो. मी काही इंजिनिअर नाही, पण जे समजलं ते सांगतो, कारण आपल्यातली बरीच पोरं आता सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि त्यांनी हे काम आपलं मानावं असं मला वाटतं.

विचारणारा माणूस नेमकं विचारू शकत नाही, ही अडचण जगात सगळीकडे आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाने १९१८ साली ‘साउंडेक्स’ नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. कल्पना साधी. आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि पुढच्या व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे आकडे द्यायचे. मग स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा असलेली आडनावं एका खणात येऊन पडतात. १९३५ मध्ये तिथे सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. म्हाताऱ्या माणसांना पेन्शनसाठी वय सिद्ध करायचं होतं आणि अनेकांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. तेव्हा सरकारने काय केलं? बेरोजगारांना कामाला लावून जुन्या जनगणनांची कार्डं लिहून घेतली आणि ती साउंडेक्सप्रमाणे लावली. १८८० च्या जनगणनेत तर फक्त दहा वर्षांपर्यंतची मुलं असलेली घरं घेतली, कारण पेन्शनला येणार होती ती हीच मुलं. म्हणजे दाखला नसलेल्या माणसाला सापडवण्याचा खर्च सरकारने उचलला. उगाच अमेरिकेचे गोडवे गायला नकोत. त्याच कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते आणि काळ्या मजुरांचा मोठा हिस्सा त्यातच होता. तरी शोधणाऱ्याचं काम सोपं करणं ही राज्याची जबाबदारी असू शकते, हे तिथे नव्वद वर्षांपूर्वी दिसलं.

दुसरी पद्धत व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाची, १९६५ ची. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती चिन्हं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं. आकडा जितका लहान, तितके शब्द जवळचे. आपण मोबाइलवर चुकीचं टंकलं की ‘तुम्हाला असं म्हणायचं आहे का’ असं विचारतो ना, त्याच्या मुळाशी असंच काहीतरी असतं.

पण हे जसंच्या तसं मराठीला लावलं तर फसतं. ‘कांबळे’ आणि ‘काम्बळे’ हे एकच आडनाव, नुसती लिहिण्याची तऱ्हा वेगळी. कॉम्प्युटरच्या मोजणीत त्यांच्यात दोनचं अंतर आहे, कारण अनुस्वाराच्या जागी ‘म’ येतो आणि वर एक हलन्त चिन्ह येतं. ‘कांबळे’ आणि ‘कांबळी’ ही दोन वेगळी आडनावं, त्यांच्यात मात्र एकचंच अंतर! म्हणजे परक्याला यंत्र जवळचा ठरवतं आणि घरच्याला लांबचा. त्यामुळे मोजण्याच्या आधी मराठीचं मराठीपण लक्षात घ्यावं लागतं : ऱ्हस्व-दीर्घ एक धरायचे, अनुस्वार आणि त्याजागी येणारे न-म एक धरायचे, श-ष-स, न-ण, ल-ळ यांना एकेका गटात घालायचं. आपली वर्णमाला तर आधीच उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे. जे रसेलला इंग्रजीसाठी जुळवावं लागलं, ते आपल्याला पहिलीच्या पुस्तकातच मिळतं. तरी सरकारी पोर्टलवर आपण वेलांटी चुकलो की बाहेर.

आणखी एक न दिसणारी भानगड आहे. ‘कचऱ्या’ या नावातला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे नुक्ता असलेलं अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. माझ्यासारख्यांनी २००९ साली टंकलेलं बरंचसं तर युनिकोडमध्ये नव्हतंच; जुन्या फॉन्टमध्ये टंकून मागाहून बदललेलं, आणि त्या बदलात कुठे रफार उडाला, कुठे वेलांटी सरकली. ज्याचं नाव कारकुनाने हेटाळणीने लिहिलं, त्याच्या नातवाला आता न दिसणाऱ्या चिन्हाशी झगडावं लागतं.

हे झालं तंत्राचं. पण तंत्राच्या पुढची एक गोष्ट आहे आणि मला खरं भांडायचंय ते तिच्यासाठी. बाबासाहेबांचंच घ्या. घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव आंबडवे. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ला नोंद आहे ती ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी. आता समजा कुणाला ही गोष्ट ठाऊकच नाही आणि तो ‘भीमराव सकपाळ’ टाकून शोधतोय. ‘भिवा’पासून ‘भीमराव’पर्यंत जायला लेव्हेनश्टाइनच्या हिशेबाने चार बदल लागतात, आणि ‘भीमराव’ हा शब्दच सहा चिन्हांचा. कुठलंही गणित ही दोन नावं जुळवणार नाही. ती जुळतात कारण घरात रामजीबाबा ‘भिवा’ म्हणून हाक मारायचे, हे माणसांना माहीत आहे. धोंड्या आणि धोंडीराम आजीला माहीत होते. जातीच्या रकान्यात महार असेल, पण त्याच माणसाला दुसऱ्या कागदात तराळ, येसकर, इंग्रजांच्या कागदात परवारी, शाळेच्या रजिस्टरमध्ये पुढे हरिजन, आणि १९५६ नंतर बौद्ध किंवा नवबौद्ध लिहिलेलं सापडतं, हेही आपल्याला माहीत आहे. यंत्राला कुणी सांगितलंच नाही. सांगणार कोण? पोर्टल बनवणाऱ्यांच्या टेबलाभोवती आपली आजी कधी बसलीच नव्हती.

(असाच अनुभव आपल्या वाङ्मयाचा. ‘बहिष्कृत भारत’चे जुने अंक स्कॅन होऊन आले, आनंद आहे. पण त्यात ‘नाहीं’, ‘केलें’, ‘कां’ असं लिहिलेलं आहे, कारण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे अनुस्वार जाण्याआधीचा तो काळ. आजच्या पद्धतीने शब्द टाकून शोधणारा विद्यार्थी ‘बाबासाहेबांनी यावर काही लिहिलंच नाही’ असं छातीठोक सांगून मोकळा होतो. फेसबुकवरचे निम्मे वाद याच जातीचे.)

अधिकाऱ्यांशी बोललं की एक उत्तर ठरलेलं असतं : शोध असा सैल केला तर खोटे दावेदार घुसतील. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. खोट्या दाखल्यांनी जागा लाटल्या जातात तेव्हा नुकसान आपलंच होतं, आणि त्याविरुद्ध आपणच रस्त्यावर उतरतो. सर्वोच्च न्यायालयानेही २००० च्या मिलिंद प्रकरणात जमातींची यादी जशी आहे तशीच वाचायची, तिच्यात चौकशी करून भर घालायची नाही, असं सांगितलं. पण तो निर्णय देण्याच्या वेळचा काटेकोरपणा झाला. शोधणं आणि ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. शोधताना जाळं मोठं टाका, एकोणीस नोंदी येऊ द्या. ठरवताना त्या एकोणीसमधली एकच घ्या आणि तिच्यावर हवी तेवढी तपासणी करा. आज उलटं चाललंय. शोधतानाच इतकं काटेकोर व्हायचं, की तपासायला समोर काही येतच नाही. शिवाय खोटा कागद बनवणारा स्पेलिंग चुकत नाही हो! तो रजिस्टर बघूनच कागद बनवतो. हुबेहूब जुळण्याची अट अडवते ती खऱ्याला.

आणि हे सरकारला जमत नाही असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणारे लोक बसवले, तळघरातली दप्तरं बाहेर काढली, सापडलेली पानं जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकली. त्या समाजाच्या मागणीवर मत वेगळं असू शकतं, तो वाद इथे नको. मला दिसतं ते एवढंच, की राज्याने मनावर घेतलं तर नोंद शोधायला राज्य स्वतः नागरिकाच्या दारी जाऊ शकतं. मग आपल्या पोरांनी दरवर्षी जून-जुलैत खिडक्या का पुजायच्या? नमुना १४ तोच, कोतवाल बुक तेच. कुणब्याची ओळ शोधताना महाराची, मांगाची, चांभाराची ओळ त्याच पानावर समोर असते. तीही सूचीत घ्या, एवढंच मागायचं आहे.

कायद्याचा आधारही आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ आपण माहिती ‘काढायला’ वापरतो. त्याचं कलम ४(१)(क) मात्र सांगतं, की दप्तर अशा रीतीने सूचीबद्ध ठेवा की नागरिकाला ते सहज मिळावं. कलम ५(३) सांगतं, की माहिती मागणाऱ्याला वाजवी साहाय्य करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. ज्याला लिहून मागता येत नाही, त्याचं तोंडी ऐकून लिहून घ्यायला मदत करा, असं कलम ६(१) म्हणतं. म्हणजे अर्धवट, मोघम, चुकीच्या नावाने विचारणाऱ्याला मदत करणं हे उपकार नाहीत, ते कर्तव्य आहे. ‘नाव नीट सांगा’ म्हणून खिडकी बंद करणारं पोर्टल या कलमांच्या आत्म्याविरुद्ध आहे, असा मुद्दा मी पुढच्या अपिलात मांडणार आहे. वकील मित्रांनी भर घालावी.

तोवर जे अडलेत त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून थोडं. आडनाव टाकू नका, सक्तीचं असेल तर त्या दप्तरात रिकाम्या जागी काय टंकलंय ते विचारून घ्या; ‘नाही’, ‘निरंक’, नुसती रेघ, काहीही असतं. नावाची पहिली दोनच अक्षरं टाका. जन्म शोधताना बापाच्या नावाने शोधा. जातीच्या रकान्यावर विसंबू नका, पान उघडून वरची ओळ पाहा. पडद्यावरच्या उत्तरावर समाधान मानू नका, मूळ रजिस्टर पाहायला लेखी अर्ज करा. महार वतनाचे कागद, फेरफार, पाहणी पत्रक, आजोबांच्या भावांच्या शाळेचे उतारे, हे सगळं बघा. आणि कचेरीत जायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ अर्धा तास बसा. बाईच म्हणतो, कारण पुरुष मानाचं नाव सांगतात.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरचीच शाखा. रविवारी वंदना झाली की विहारात दोन तास लॅपटॉप घेऊन बसते. तिने एक दोनशे पानी वही केली आहे. डाव्या बाजूला घरात सांगतात ते नाव, उजव्या बाजूला रजिस्टरमध्ये सापडलेलं. भागवत : भाग्या, भागा, भागू. तुकाराम : तुक्या, तुका. लक्ष्मीबाई : लखी, लकशी, लखमी. आतापर्यंत चारशेच्या वर जोड्या झाल्या. त्या जोड्या वापरून शोधणारा एक छोटा प्रोग्राम ती लिहितेय. पहिल्या खेपेला ‘राम’ टाकल्यावर निम्मं गाव आलं, म्हणून गेले दोन रविवार ती तेच दुरुस्त करतेय.

तुमच्या तालुक्यातल्या जोड्या पाठवा. नाव, रजिस्टरमधलं रूप, अंदाजे वर्ष आणि तालुका, एवढंच हवं. कुणाचं पूर्ण नाव-पत्ता पाठवू नका. परवाच्या रविवारी एक मावशी आल्या होत्या. वडिलांचं नाव विचारलं तर म्हणाल्या, "कागदावरचं सांगू का खरं?" पोरीने वहीचं नवं पान उघडलं आणि म्हणाली, "दोन्ही सांगा मावशी."

जय भीम.